गेमची गोष्ट म्युझिकमधून कशी सांगायची : बारवेखालच्या राज्याच्या निमित्तानं

परभणीच्या एका पोरानं विचारलंय. इंजिनिअरिंगचे मित्र मिळून टू-डी फँटसी आरपीजी, म्हणजे एका पात्राला घेऊन गोष्टीतून खेळत जायचा गेम, करायलेत. गोष्ट अशी, की दुष्काळात गावातली एक पोरगी कोरड्या पडलेल्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, तळाशी उतरते, तिथून खाली एक अख्खं राज्य लागतं, तिथली राणी पाणी अडवून बसलीय, आणि शेवटी कळतं की ती राणी म्हणजे हिचीच लहानपणी हरवलेली थोरली बहीण. म्युझिक ह्याच्याकडं आहे. हार्मोनियम येते, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे, बरेच ट्रॅक करून झालेत, पण मित्र म्हणायलेत की ट्रॅक छान आहेत, फक्त कुठल्याही गेमला लावले तरी चालतील. मग प्रश्न असे : गोष्ट म्युझिकमध्ये आणायची कशी, संबळ वापरला तर चालेल का, आणि एफमॉड वगैरे, गेममध्ये म्युझिक बसवायची सॉफ्टवेअर, शिकावीच लागतात का.

गोष्ट लै भारी आहे आधी ते सांगतो, आणि मित्रांचं म्हणणं पण बरोबर आहे.

तू ट्रॅकची नावं लिहिलीस ना, जंगल, फाईट, दुःख, गाव, बॉस, तिथंच सगळं कळलं. हे सगळे मूड आहेत आणि मूड प्रत्येक गेममध्ये तेच असतात, म्हणून तुझं "दुःख" दुसऱ्याच्या गेममध्ये पण फिट बसतं. तुझ्या गेमचं स्वतःचं असं जे आहे ते म्हणजे दोन बहिणी आणि एक आई. तर ट्रॅकची यादी बाजूला ठेव आणि एका वहीत गेमचे टप्पे लिही, प्रत्येक टप्प्यासमोर दोनच गोष्टी लिहायच्या : इथं प्लेयरला काय ठाऊक आहे, आणि इथं वाजणारी चाल त्यानं ह्याआधी कुठं ऐकलीय. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चालीला स्वतःचा अर्थ फार थोडा असतो, ती पहिल्यांदा ज्या प्रसंगात कानावर पडते तो प्रसंग तिला चिकटतो, आणि पुढं ती जिथं जिथं येईल तिथं तो प्रसंग सोबत घेऊन येते. म्हणजे चाल कुठं द्यायची ह्यापेक्षा कुठं अडवून धरायची हे ठरवणं हेच खरं काम.

एक उदाहरण देतो, ज्याच्यावरून मी स्वतः हे शिकलो. १९९४ चा फायनल फँटसी सहा हा जपानी गेम, संगीत नोबुओ उएमात्सु यांचं. सुपर फॅमिकॉम ह्या तेव्हाच्या गेम मशीनवर एका वेळी आठच आवाज वाजायचे आणि साउंडसाठी मेमरी ६४ केबी. तेवढ्यात त्या माणसानं जवळजवळ प्रत्येक पात्राला स्वतःची चाल दिली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते नकाशाचं म्युझिक. अर्ध्या गेमपर्यंत नकाशावर फिरताना टेरा नावाच्या पोरीची चाल वाजते, मग गोष्टीत जग उद्ध्वस्त होतं, आणि त्यानंतर तू नकाशावर येतोस तेव्हा ती चाल नसतेच, एक काळवंडलेलं, थकलेलं म्युझिक असतं. मग पुढं विमान सापडतं, हरवलेले सोबती शोधायला निघतो, तेव्हा परत नवीन चाल लागते आणि जिवात जीव येतो. कुठंही एक वाक्य बोललेलं नाही. फक्त रोजची सवयीची चाल काढून घेतली, आणि जग गेलं हे माणसाला पोटात कळलं.

आता तुझ्या गेमवर येऊ. मी तुझ्या जागी असतो तर पूर्ण गेम एका ओवीवर उभा केला असता. जात्यावरची ओवी आपल्याकडं घराघरात होती, तुझ्या आजीला विचार, तिला पाठ असतील. पण खरी ओवी जशीच्या तशी उचलू नको, स्वतःची एक ओळ बांध, जिचे दोन तुकडे पडतील अशी. समज चढती अर्धी "सा ग म प" आणि उतरती अर्धी "म ग रे सा", ग कोमल. एवढंच. लहान पोराला एकदा ऐकून गुणगुणता आली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच लागू होणार नाही.

ही पूर्ण ओळ टायटल स्क्रीनवर हार्मोनियमवर वाजव. प्लेयर गेम लावताना दरवेळी ती ऐकणार, आणि त्याला वाटणार हे गेमचं म्युझिक आहे. अर्थ काहीच चिकटलेला नाही पण कान भरलेला आहे. मग गेम सुरू होतो, पहाट, आई दळायला बसलीय, जात्याची घरघर, आणि आई गुणगुणते ती फक्त उतरती अर्धी. चढती अर्धी तिनं थोरली गेल्यापासून सोडून दिलीय. हे कोणी बोलून दाखवायचं नाही, संवादात नाही, कुठंच नाही.

धाकटी बाहेर पडली की तिची चालण्याची चाल ह्याच उतरत्या अर्ध्यातली, पण "म ग रे" वर थांबणारी. सा वर येऊच द्यायचं नाही. अख्ख्या गेमभर पोरगी घरी पोचलेली नाही, तर तिची चाल पण पोचता कामा नये. जिथं गेम सेव्ह होतो तिथं तू दिवा ठेवलायस ना, त्या दिव्यापाशी नुसता एक सा दे, तुणतुण्यावर, बाकी काही नको. बघ लोक त्या दिव्यापाशी विनाकारण थांबतील.

राणीला चढती अर्धी. खर्जात, प्रत्येक सूर चार चार मात्रांचा, आणि प वर जाऊन तिथंच लटकणारी. पहिल्या भेटीत फक्त सा आणि ग, दुसऱ्या भेटीत म पर्यंत, तिसऱ्या भेटीत पूर्ण. संथ असल्यामुळं हीच टायटलची चाल आहे हे चटकन लक्षात येणार नाही पण ओळखीचं काहीतरी वाटत राहील, आणि तुला हेच पाहिजे.

शेवटच्या फाईटला हे सगळं वसूल होतं. टेम्पो ९६ बीपीएम ठेव, म्हणजे मिनिटाला ९६ मात्रा. राणीचे चार सूर गुणिले चार मात्रा म्हणजे १६ मात्रा. त्याच्यापुढं १६ मात्रा चाल रिकामी ठेवायची, नुसता ठेका आणि खालचा सा. असं ३२ मात्रांचं आवर्तन, ९६ ला बरोबर २० सेकंदाचं. प्लेयर मारामारी करतोय, दर २० सेकंदाला राणीची हाक येते आणि पुढं पोकळी. त्याला कळत नाही पण कानाला काहीतरी कमी लागत राहतं. मग जेव्हा राणीचा जोर ओसरतो, संवाद येतो की "तू कोण", तेव्हा त्या रिकाम्या १६ मात्रांत धाकटीची उतरती अर्धी सोड, आणि ह्या वेळेला सा पर्यंत येऊ दे. ओळ पूर्ण होते. टायटलवरची चाल. त्या बहिणी आहेत हे स्क्रीनवर लिहून यायच्या आधी दोन सेकंद प्लेयरला कळलेलं असेल. इथं मोठा ऑर्केस्ट्रा घालायचा मोह होईल, नको घालू, दोन आवाज पुरेत.

ही झाली चालीची गोष्ट. आता वेळेची, कारण गेमचं म्युझिक आणि सिनेमाचं म्युझिक ह्यात खरा फरक तिथं आहे. सिनेमात सीन एक मिनिट बारा सेकंदाचा असेल तर तो एक मिनिट बारा सेकंदाचाच असतो. गेममध्ये प्लेयर संवाद वाचताना चहा प्यायला उठून जाऊ शकतो, किंवा सगळं न वाचता बटण दाबत सुटू शकतो. तुला माहीतच नाही तो किती वेळ घेणार. आपल्याकडच्या लोकांना हे शिकवायला लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. एखादा चांगला गोंधळ रात्रभर बसून बघ, गाण्याकडं नको, संबळवाल्याकडं लक्ष दे. मुख्य गोंधळी आख्यान सांगतोय, मधेच साथीदार प्रश्न विचारतो, लोक हसतात, गोंधळी प्रसंग लांबवतो, आणि तोवर संबळ दबक्या ठेक्यावर थांबलेला असतो. त्याची नजर सांगणाऱ्याच्या तोंडावर असते. पद उचललं की ठेका उघडतो, झांज वर येते, कथा लढाईवर आली की लय चढते, आणि परत बोलणं सुरू झालं की पुन्हा खाली. हे वाक्य किती लांबणार ते त्याला माहीत नसतं, पण कधीही मधेच तुटत नाही, समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरच वळतो. गेममध्ये तुला हाच संबळवाला कॉम्प्युटरच्या आत बसवायचाय.

जगात ह्याच्यावर बरंच काम झालंय. लुकासआर्ट्सच्या मायकेल लँड आणि पीटर मॅक्कॉनेल यांनी आयम्यूज नावाची सिस्टिम बनवली, १९९१ च्या मंकी आयलंड दोन ह्या गेममध्ये ती पहिल्यांदा आली, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की म्युझिक न तुटता त्या खोलीच्या वाद्यावर जातं. १९९८ च्या ओकारिना ऑफ टाइम ह्या गेममध्ये कोजी कोंडो यांनी मैदानाचं म्युझिक आठ आठ बारच्या (बार म्हणजे मात्रांचा एक गट) तुकड्यांत लिहिलं, तुकडे उलटसुलट क्रमानं लागतात, शत्रू जवळ आला की वेगळे, उभा राहिलास की शांत. म्हणजे दोन रस्ते आहेत. एक, एकावर एक थर : तुणतुणं, मग बासरी, मग व्हायोलिन, मग संबळ, सगळे एकदम सुरू असतात आणि गरजेप्रमाणं आवाज वर खाली होतो. दुसरा, एकापुढं एक तुकडे : हा संपला की परिस्थिती बघून पुढचा.

तुझ्या गेमला दोन्ही लागतील. गावात आणि भटकताना थर वापर, दुष्काळ वाढत जातो तसा एक एक थर काढत जा, पाणी परत आलं की उलट. संवादाला तुकडे वापर, एक आठ मात्रांचा तुकडा फक्त थांबण्यासाठी, जो कितीही वेळा फिरला तरी कंटाळा येणार नाही (म्हणजे त्यात ठळक चाल असता कामा नये, ठळक चाल तिसऱ्यांदा आली की डोकं उठतं), आणि मित्राला सांग की अमुक वाक्य उघडलं की मला सिग्नल पाठव, तिथून पुढचा तुकडा लागेल.

थर करताना एक शिस्त पाळ, सगळ्या फाइली एकाच लांबीच्या, एकाच टेम्पोच्या, एकाच क्षणी सुरू होणाऱ्या. एक फाइल जराशी जरी लांब झाली तरी दर फेरीला सरकत जाते आणि थोड्या वेळात ठेका लंगडतो. आणि टेम्पो निवडताना वळण्याचा हिशोब कर : ९६ ला चार मात्रांचा बार २.५ सेकंदाचा, म्हणजे समेवर वळायचं म्हटलं तर जास्तीत जास्त अडीच सेकंद थांबावं लागेल, ते चालतं. ६० बीपीएमच्या संथ चालीत तेच चार सेकंद होतात, राक्षस अंगावर आलाय आणि म्युझिक अजून संथ चाललंय असं व्हायला लागतं. तिथं वळण मात्रेवर ठेव आणि जोड झाकायला वरून संबळाचा एक छोटा तुकडा टाक, एखादी तिहाई, म्हणजे तीनदा वाजणारा तोच बोल, जी संपते तिथं फाईटची सम.

साध्या फाईटच्या म्युझिकबद्दल कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. तू तीन मिनिटांचा फाईट ट्रॅक केलायस. साधी फाईट संपायला अर्धा मिनिट पण लागत नाही. म्हणजे लोक तुझे पहिले वीस पंचवीस सेकंद शेकडो वेळा ऐकणार आणि ज्या भागावर तू सगळ्यात जास्त मेहनत घेतलीस तो मधला भाग कोणाच्याच कानावर जाणार नाही. म्हणून ट्रॅकला तीन चार सुरुवाती दे, दरवेळी वेगळ्या जागेवरून उचलू दे. आणि फाईट संपल्यावर भटकण्याचं म्युझिक पहिल्यापासून लावू नका, जिथं तुटलं होतं तिथून पुढं, नाहीतर त्याची पण सुरुवातच ऐकू येत राहते.

आता संबळ. चालेल का काय विचारतोस, वापरच. २०१५ च्या विचर तीन ह्या गेममध्ये पोलंडचा पर्सिव्हल नावाचा लोकसंगीताचा बँड घेतला होता, त्यांची ओरडून गायची पद्धत, तिथली गावाकडची वाद्यं, सगळं पुढं ठेवलं आणि जगभरच्या लोकांनी ते डोक्यावर घेतलं. लोकवाद्य ऑर्केस्ट्रावर कोथिंबिरीसारखं भुरभुरवलं की ते टुरिस्ट जाहिरातीसारखं वाटतं. संबळाला मुख्य काम दे, बाकीचे त्याच्या मागं.

फक्त रेडीमेड सँपलमध्ये, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या सुट्या आवाजांत, शोधत बसू नको, गोंधळी गाठ. तुळजापूर, माहूर इकडं तर आहेतच, परभणीत पण मिळतील. संबळ म्हणजे दोन भांडी, एक उंच आवाजाचं, एक घुमणारं, आणि टोकाला वळलेली एक काठी असते, तिचा घुमारा वेगळाच. आधी अख्खा ठेका रेकॉर्ड कर, कानात मात्रा मोजणारा क्लिक न लावता, मोकळ्यानं वाजवू दे. मग एक एक आघात सुटा घे, हळू, मध्यम, जोरात, आणि प्रत्येक आघात चार पाच वेळा, कारण एकच सँपल परत परत वाजलं की कानाला लगेच मशीन कळतं. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, आवाज उतरतो, त्यामुळं शक्यतो कोरड्या दिवसांत कर, आणि घुमणाऱ्या भांड्याचा सूर हार्मोनियमवर शोधून लिहून ठेव. गेमची पट्टी त्याच्यावरून ठरव. चाल काळी एकमध्ये आणि संबळ भलतीकडं घुमतोय असं झालं तर मिक्समध्ये आवाजाचा जाड-बारीकपणा बदलणारा इक्यू कितीही फिरव, गढूळच राहणार. हलगी पण घेणार असशील तर ती शेकून तापवून चढवतात, वाजवता वाजवता उतरते, मधे मधे थांबून परत शेकायला वेळ दे.

आणि एक मनापासून सांगतो. देवीच्या आवाहनाचं पद, आरत्या, जोगव्याची गाणी हे राक्षस मारायच्या सीनला लावू नको. ज्यांच्या घरात ते चालतं त्यांच्यासाठी ती पूजा आहे. ठेक्याची ताकद घे, पद नको. वाजवणाऱ्याला आधी गेम दाखव, गोष्ट सांग, पैसे ठरवून दे, क्रेडिटमध्ये नाव टाक, आणि साधा का होईना कागद कर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क वेगळा धरलाय, तो आपल्या गावचा आहे, ओळखीचा आहे म्हणून तो हक्क संपत नाही.

बारवेचं म्हणशील तर तुझ्याच जिल्ह्यात खजिना आहे, सेलू तालुक्यात वालूरची गोल फिरत खाली जाणारी बारव आहे, चारठाण्याला जुनी मंदिरं आहेत. परवानगी विचारून एखाद्या बारवेत तळाशी जा, फुगा फोड, वर आणि खाली दोन्हीकडं रेकॉर्डर ठेव. त्या आवाजातून कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब, म्हणजे त्याच जागेचा घुमारा कुठल्याही आवाजाला लावायची सोय, करता येतो, रीपरमध्ये त्याचं प्लगिन फुकटच येतं. मग खालच्या राज्यातला प्रत्येक आवाज ह्याच बारवेतून जाऊ दे. आणि वरच्या गावात रिव्हर्ब अजिबात नको, कोरडं, उन्हासारखं. ह्याचा गोष्टीला पण उपयोग कर, आई गुणगुणताना गेमच्या उत्तरार्धात एखाद्या वेळी तिच्या आवाजाला हलकीशी बारव लागू दे. थोरली कुठं आहे हे आईला आतून ठाऊक आहे, असं ऐकणाऱ्याला वाटून जाईल.

शब्द घालावेत का, असं तू शेवटी विचारलंयस. संवाद वाचायच्या सीनला मराठी शब्दांचं गाणं लावलं तर डोळे एक वाचतात आणि कान दुसरं, दोन्ही जातं. २०१० च्या नियर ह्या गेममध्ये गायिका एमी इव्हान्स यांनी चक्क नसलेल्या भाषा बनवून गायलंय, त्यामुळं माणसाचा आवाज मिळतो पण वाक्य अडवत नाही. तू खालच्या राज्यात आकारात, म्हणजे नुसत्या "आ" वर, किंवा अर्थ नसलेल्या अक्षरांत गाऊन घे. खरे मराठी शब्द एकाच ठिकाणी, अगदी शेवटी, ओवी पूर्ण होते तिथं.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. एफमॉड किंवा वाइज, दोन्हींना छोट्या बजेटच्या प्रोजेक्टसाठी फुकट लायसन्स आहे, एक शिकलास तर दुसरं जड जात नाही. तुमचा गेम गोडो ह्या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ४.३ पासून थर लावायची आणि तुकडे जोडायची सोय आतच आलीय, पहिल्या गेमला तेवढ्यावर भागेल. लूपसाठी एमपी-थ्री वापरू नको, फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीक रिकामी जागा पडते आणि जोड ऐकू येतो, ओजीजी वापर. साधी डब्ल्यूएव्ही ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साडेअकरा एमबी, चार थर दोन दोन मिनिटांचे धरले तर एका गावाला ९० एमबीच्या वर, मोबाइलवर कोणी डाउनलोड करणार नाही. आणि लूप काढताना ट्रॅक सलग दोनदा वाजवून दुसरी फेरी कापून घे, म्हणजे पहिल्या फेरीचा शेवटचा घुमारा दुसरीच्या सुरुवातीत आलेला असतो आणि जोड कळत नाही.

आत्ता केलेले ट्रॅक फेकू नको. त्यातला गावाचा जो आहे, ज्यात तू कोमल ग वर रेंगाळलायस, तो ह्या ओवीच्या फार जवळचा आहे, त्यातूनच ओळ काढता येईल. आधी फक्त टायटल, आईचं दळण आणि दिवा एवढंच कर आणि गेमबद्दल काहीही माहीत नसलेल्या कोणाला तरी पंधरा मिनिटं खेळायला दे. दुसऱ्या दिवशी त्याला चाल गुणगुणायला सांग. आली तर राणीकडं जा, नाही आली तर ओळ अजून सोपी कर.